दोरी ओढली की सुटणारा खोपा

आमच्या केशरचना शिकवणाऱ्या अकादमीत झाडलोट करायला येणाऱ्या मावशींनी माझ्या डमीला हात जोडले, तेव्हा मी खुर्चीखाली वाकून सेक्शन क्लिपा गोळा करत होते. त्यामुळे आधी दिसल्या त्यांच्या टाचा, मग बादली, मग हातातच थांबलेला फडका. मान वर केली तर बाई डोळे मिटून उभ्या. समोर स्टँडवर माझी डमी, आदल्या संध्याकाळी जेल वाळावं म्हणून खिडकीपाशी ठेवलेली. डोक्यावर वीतभर उंच जटामुकुट, दोन्ही खांद्यांवर लोंबणाऱ्या जटा, आणि खाली तो नेहमीचा गुलाबी ओठांचा, कुठेच न बघणारा प्लास्टिकचा चेहरा. मावशींनी डोळे उघडले, ओला हात पदराला पुसला आणि विचारलं, "कुणाची गं ही?" मी म्हटलं, "माझीच की. परीक्षेची." "मग कापू नको हं," म्हणाल्या आणि पुढची लादी पुसायला निघून गेल्या. स्टँडभोवतीचा हातभर चौकोन त्यांनी कोरडाच सोडला. दिवसभर तो चौकोन कालच्या धुळीसकट, कालच्या केसांच्या कपट्यांसकट तसाच राहिला.

वर्गात हशा झाला. कुणीतरी डमीच्या कपाळाला भंडारा लावायची कल्पना काढली, कुणी मोबाइल काढून रील करू या म्हणालं. मीही हसले. पण घरी जाताना, वेंगुर्ला रस्त्याच्या बसमध्ये उभी असताना, ते "कुणाची" डोक्यातून जाईना.

शेवटच्या सत्राला आम्हाला एक मोठं काम असतं. इतिहासातली एखादी केशरचना निवडायची आणि ती आजच्या मुलीला लग्नात, पार्टीत, रॅम्पवर मिरवता येईल अशी करून दाखवायची. बहुतेकींनी इतिहास म्हणजे विलायत धरली. यूट्यूबवर शिकवणारे तिकडचेच, सामानही तिकडच्याच नावांनी विकलं जातं, तेव्हा साहजिकच आहे. एकीने १९२० च्या दशकातल्या फिंगर वेव्ह्ज घेतल्या. भरपूर जेल लावलेले ओले केस, एका हाताची बोटं केसांवर दाबून ठेवायची, दुसऱ्या हातातल्या कंगव्याने केस आधी एकीकडे आणि मग उलट्या दिशेला ढकलायचे, मधली कड बोटांच्या चिमटीत उभी करायची. तिचे हात बघत बसावं असे चालायचे. दुसरीने मार्सेल वेव्ह घेतली. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने १८७२ च्या सुमाराला तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायची रीत काढली. आमचे विजेवरचे टाँग त्याच घराण्यातले. तिसरीचा बीहाइव्ह, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे उंच फुगवलेले केस. शिकागोच्या मार्गारेट विंची हेल्ट या बाईने १९६० साली सलूनवाल्यांच्या एका मासिकासाठी तो घडवला आणि काही वर्षांत तो इतका पसरला की आमच्या आजीच्या धाकट्या जावेच्या लग्नाच्या फोटोतही दोन पाहुण्यांच्या डोक्यावर तो दिसतो. फोटो खानापूरच्या स्टुडिओतला. शिकागो त्या पाहुण्यांच्या गावीही नसेल.

निपाणीची एक जण तेवढी वेगळी निघाली. तिने बालगंधर्व घेतले. १९१३ साली त्यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, आणि पुढे कितीतरी वर्षं घरंदाज बायका नऊवारी कशी नेसावी, गजरा कुठे माळावा, हे रंगमंचावरच्या एका पुरुषाकडे बघून ठरवत होत्या. मला हे फार आवडतं. त्या नाटकांमागे टोप लावणारे, फुलं खोचणारे जे कुणी असतील ते आमच्याच धंद्यातले. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

मी बदामी निवडली.

शाळेच्या सहलीत पाहिलेली बदामी डोक्यात होती, ती पुन्हा जाऊन बघितली. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. गाइड लोक तिथे थांबतात, पण माझ्या कामाचं सगळं खांबांच्या वरच्या ब्रॅकेटवर होतं. तिथे जोडपी कोरलेली आहेत, आणि एका बाईचे केस दुसरीसारखे नाहीत. एकीचा अंबाडा कानामागे कललेला, एकीच्या कपाळावर बारीक कुरळ्या बटांची रांग, एकीचे केस डोक्यावर उंच बांधून फुगवलेले. चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या गिऱ्हाइकाला, "नेहमीचंच करू की आज जरा वेगळं?" असं विचारलं असणार, याची त्या ब्रॅकेटखाली उभं राहिलं की खात्रीच पटते. तरी मी शेवटी पहिल्या लेण्यातल्या अठरा हातांच्या नटराजापाशी जाऊन थांबले. त्याचा जटामुकुट. दोरासारख्या बटा वर ओढून, गुंडाळून, पट्ट्याने आवळून केलेला डोलारा. बायकांच्या रचना सुंदर होत्या खऱ्या, पण त्या करणाऱ्या आमच्या वर्गात आणखीही निघाल्या असत्या. एखाद्या मुलीच्या डोक्यावर शंकराच्या जटा चढवायच्या, हे मात्र मलाच सुचलंय अशा तोऱ्यात मी परत आले.

दगडाची अडचण अशी की त्याला मागची बाजू नसते. समोरून सगळं दिसतं. बटा कशा वळल्यात, पट्टा कुठे आहे, फूल कुठे खोचलंय. पण आत आधार काय दिलाय, गाठ कुठे मारलीय, डोलारा एका कुशीला का कलत नाही, हे विचारायचं कुणाला? मग आपल्याला येतं तसं करायचं. टाळूवर घोड्याच्या नालाच्या आकाराचा भाग वेगळा काढून त्याची उंच पोनी बांधली. पोनीच्या मुळाशी जुन्या मोज्यात नायलॉनचा चोथा भरून केलेली गादी. मग पोनीतल्या केसांच्या बारीक बटा काढल्या. प्रत्येक बट दोन भागांत घ्यायची, दोन्ही भाग वेगवेगळे उजवीकडे पिळायचे आणि मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. पीळ एका अंगाने, वेढा दुसऱ्या अंगाने, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. दोन्ही एकाच अंगाने केलं तर हात काढताच बट उलगडते. अशा वळलेल्या बटा गादीवर खालून वर चढवत नेल्या, दर वेढ्याला यू पिना, वर जेल, त्यावर स्प्रे. बघणाऱ्याला जट वाटावी, पण धुतली की अर्ध्या तासात मोकळी व्हावी, असा सगळा बेत.

आणि मावशींना तर ती जटच वाटली.

त्यांचं माहेर सौंदत्तीच्या, यल्लम्मा देवीच्या डोंगराच्या बाजूचं. आमच्या भागातल्या माणसाला सौंदत्ती म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बेळगावच्या बस स्टँडवर, आठवड्याच्या बाजारात, कपाळभर भंडारा आणि हातात परडी घेतलेली जोगतीण लहानपणापासून दिसते. आई पदराची गाठ सोडून नाणं टाकायची आणि मला मागे ओढायची. मला आठवतो तो तिच्या पाठीवरचा काळसर, जाड, हळदीने पिवळा पडलेला केसांचा दांडा. भीती वाटायची आणि हात लावून बघावासाही वाटायचा. पुढे केसांच्याच शिक्षणाला आले तेव्हा कळलं की हात लावावासा वाटणं हीच या धंद्याची पहिली पायरी आहे.

दुपारच्या चहाला मावशींनी सांगितलं, मी न विचारता. "आमच्या अक्काला आली होती." अक्का दहा-अकरा वर्षांची असेल. तापाने अंथरुणाला खिळली, कितीतरी दिवस डोक्याला फणी लागली नाही, तेल आणि घाम एक झालं, आणि ताप उतरल्यावर बघितलं तर मानेवर गुंता. आईने सोडवायला घेतला, पोर रडायला लागली. शेजारची म्हणाली, सोडवू नको, देवीने हात धरलाय. मग त्याला भंडारा लागला. मग शुक्रवारी त्याची पूजा सुरू झाली. पुढे डोंगरावर नेऊन गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचा सर बांधला. मावशी इथे थांबल्या, बिस्कीट चहात बुडवलं, आणि म्हणाल्या, "मग काय, ती घरची राहिलीच नाही." त्यावर बोलावं असं काही माझ्याकडे नव्हतं. देवाला पोरी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. मावशींची अक्का त्याच्या आधीची की नंतरची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

आमच्या पुस्तकात या प्रकाराला प्लायका म्हणतात, अर्ध्या पानात आटोपलेला. केसाच्या सालीवर बारीक खवले असतात. तेल, मळ, घाम आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकत जातात आणि मेंढीची लोकर दाबून बुरणूस होतो तसा केसांचा एकसंध दांडा बनतो. देवीचा संबंध नाही, पापाचा नाही, न्हाणीघराचा मात्र आहे. त्या अर्ध्या पानात पोलंडचं नाव वाचून मी चकित झाले होते. तिकडे शेतकऱ्यांच्या घरांत हे इतकं होतं की रोगाच्या नावातच पोलंड जाऊन बसलं. कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, अशी तिथेही भीती. क्राकोच्या युझेफ डीटल नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात त्याविरुद्ध नेटाने काम केलं. पुढे तो त्या शहराचा महापौर झाला. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांच्या जटा सोडवतात, ते काम त्याच जातीचं. कात्री चालवायला दहा मिनिटं. त्याआधी बाईच्या, तिच्या सासूच्या, गल्लीच्या मनातली भीती काढण्यात महिने जातात. आम्हाला कन्सल्टेशन म्हणून एक पाठ आहे, गिऱ्हाइकाला काय हवंय ते ओळखायचं. त्यात हे येत नाही.

दुसरीकडे चोर्ला घाट उतरला की चित्र उलटं. गोव्याच्या किनाऱ्यावर क्रोशाची सुई घेऊन बसलेली पोरं पर्यटकांच्या डोक्यात ड्रेडलॉक्स घालून देतात आणि त्याचे हजारांत पैसे घेतात. आमच्या गावचा एक मुलगा असल्या दोन बटा घालून परत आला, तर त्याच्या आईने देव्हाऱ्यासमोर उभं करून त्याची दृष्ट काढली आणि मग थेट आमच्या वडिलांच्या दुकानात पाठवला. वडिलांनी मशीन फिरवलं. नेहमीचेच पैसे घेतले. म्हणाले, "घालायला एवढे आणि काढायला एवढेसे? धंदा आपणच चुकीचा धरलाय."

वडिलांचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, तुरटीचा खडा, आणि अलीकडे पाटीवर ६० टक्के कन्नड हवं म्हणून नव्याने रंगवून घेतलेलं नाव. आजोबा त्याआधी वडाखाली पोत्यावर बसून डोकी करायचे आणि सुगीला खळ्यावरून बलुतं आणायचे. या घरातली मी केसांना हात घालणारी पहिली मुलगी. याचं कौतुक होतं आणि थोडी अढीही. "बायकांचे केस" हे आमच्या घरात मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. त्याचं कारण मला आजोबांनी एकदाच, मी कोर्सची फी भरून आले त्या रात्री, सांगितलं. पणजोबांना गावातल्या वाड्यावरून बोलावणं यायचं. मागच्या दाराने जायचं. परसात पाट मांडलेला, बाई पाठमोरी बसलेली, लाल आलवण खांद्यापर्यंत उतरवलेलं. कुणी बोलायचं नाही. पणजोबा पाण्याचा हात फिरवायचे आणि वस्तरा लावायचे. पहिल्या वेळी केस असायचे, लांब, तेल लावलेले. पुढे दर महिना-पंधरवड्याला नुसती खुंटं. पायलीभर भात मिळायचा. आजोबा म्हणाले, पहिल्या वेळी एकीचं वय तुझ्याएवढं पण नव्हतं.

मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, हे मी मागाहून वाचलं. वाचून ऊर भरून आला. मग पणजोबा आठवले. त्यांनी वस्तरा खाली ठेवला नव्हता. मुंबईच्या सभेनंतर चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा नव्हता, कारण भात हवा होता आणि वाड्याला नाही म्हणणारा न्हावी गावात टिकत नसे. मला त्यांचा राग येत नाही. अभिमानही वाटत नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी त्यांचा तो चामडी धोपटीतला वस्तरा अजून आमच्या माळ्यावर आहे, मूठ हस्तिदंती, पातं काळं पडलेलं.

तर इतिहासातली केशरचना निवडा म्हणतात तेव्हा मला हेही इतिहासातच धरावंसं वाटतं. देवीच्या नावाने वाढवलेले केस, नवऱ्याच्या नावाने उतरवलेले केस. आणि आपण होऊन उपटलेलेसुद्धा. आमच्या जिल्ह्यात जैनांची वस्ती मोठी, मुनींचा केशलोच असला की गावं लोटतात. राख लावलेल्या बोटांनी डोक्याचे, दाढीचे केस मुठीमुठीने उपटत जायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने बांधलेली. सगळे मान वर करून छतातलं दगडी कमळ बघतात. मी कामाच्या निमित्ताने तिथे मूर्तींची डोकी बघत फिरले, तेव्हा एका काकांनी सांगितलं की कुठल्याही बस्तीत खांद्यावर बटा उतरलेला तीर्थंकर दिसला तर तो ऋषभनाथ समजायचा. एका परंपरेत गोष्ट आहे. त्याने चार मुठी केस उपटले आणि पाचव्या मुठीला हात घातला तेव्हा इंद्र म्हणाला, एवढे राहू देत, खांद्यावर शोभतात. देवांच्या राजालाही हेअरस्टाइलमध्ये मत असतं, हे वाचून मी एकटीच हसले. पण त्या गोष्टीत निदान ज्याचे केस त्याला विचारलं होतं.

मग डमीकडे पुन्हा बघितलं. आमच्या वर्गात दोन प्रकारच्या डम्या असतात. स्वस्तातली नकली केसांची, तिला टाँग लावला की केस वितळून चिकटतात आणि खोलीत प्लास्टिक जळाल्याचा वास सुटतो. दुसरी खऱ्या केसांची, महाग, दोघींत मिळून एक. जटामुकुट खऱ्या केसांच्या डमीवर होता. हे केस कुठून येतात, ते आमच्या गल्लीतल्या कुणालाही ठाऊक आहे. केसांवर भांडी देणाऱ्या बाया दारावर येतात. आई फणीत अडकलेल्या केसांची गुंडाळी भिंतीच्या फटीत साठवून ठेवते आणि वर्षाकाठी एखादा डबा घेते. हा असा गुंता गोळा होऊन कोप्पळला लागून असलेल्या भाग्यनगरात जातो. तिथे केसांचा मोठा धंदा आहे. बायका बसून तो गुंता सुईने एकेक केस करून सोडवतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात, आणि मग त्याचे टोप होतात, गंगावनं होतात, एक्स्टेन्शन होतात. म्हणजे मावशींनी विचारलं त्याला खरं उत्तर होतंच. कितीजणींचे तरी. त्यातले काही आमच्या भिंतीच्या फटीतलेही असू शकतील.

पुढचे काही दिवस मी ती रचना पुन्हा पुन्हा मोडली आणि बांधली. मोडताना प्रत्येक वेळी वैताग. पिना मोजून काढाव्या लागत, एखादी राहिली की डमीच्या टाळूत घुसून बसे, जेलचे पोपडे कंगव्यात येत. एका रविवारी डमी घरी आणली होती. आजी पडवीत शेंगा फोडत बसली होती. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या पिना? निजायची कशी गं ती?" मी म्हटलं, आजी, ती डमी आहे. "आज डमी हाय. उद्या कुणाच्या तरी लेकीला घालशील न्हवं?"

आजीचा स्वतःचा खोपा मी रोज बघत आले होते, म्हणजे बघितलाच नव्हता. त्या दिवशी तिला म्हटलं, सोड आणि परत घाल, हळू. तिने मानेमागे हात नेला, काहीतरी ओढलं, आणि सगळे केस पाठीवर आले. एक पिन नाही. हातात काळ्या सुताची एक दोरी, टोकाला विटलेला गोंडा. हिला आगवळ म्हणतात, हे तिनेच सांगितलं. मग तिने केस एका मुठीत धरले, दोरीचं एक टोक दातात पकडलं, दुसऱ्याने मुळाशी वेढे घेतले. दातातलं टोक सुटू न देता केस पिळत गेली. पिळताना अंगठा मधे ठेवलेला, तो शेवटपर्यंत काढला नाही. केसांचं वेटोळं अंगठ्याभोवती बसलं, शेवटचं टोक आत खोचलं, अंगठा काढला आणि त्या अंगठ्याच्या भोकातून दोरी ओढून घेऊन एक सरकती गाठ मारली. डोकं हलवून दाखवलं. हललं नाही. भारा उचलायच्या वेळी करते तसं पुढे वाकूनही दाखवलं. "आता ओढ," म्हणाली. गोंडा ओढला आणि पुन्हा सगळं पाठीवर.

दगडाला नसलेली मागची बाजू मला पडवीत मिळाली. बदामीच्या कारागिराने तसंच केलं होतं असा माझा दावा नाही. माझं काम मात्र झालं. आणखी एक गोष्ट आजीच्या डोक्याला हात लावल्यावर कळली. तिच्या केसांना खोबरेल असतं, रोजचं, मुरलेलं. आम्ही आधी शाम्पू करतो, कंडिशनर लावतो, केस रेशमासारखे निसरडे करून ठेवतो आणि मग ते जागेवर राहावेत म्हणून पावडर, जेल, स्प्रे असा दारूगोळा काढतो. जुन्या रचना टिकायच्या त्या तेलावर, आणि उद्या परत न धुण्यावर. तेव्हा ऐतिहासिक काही करायचं असेल तर निदान कालचे धुतलेले केस घ्यावेत. हे मी आता प्रत्येकीला सांगते, मॅडमना आवडो न आवडो.

नव्या जटामुकुटात पिना नव्हत्या. गादी तीच, बटा त्याच पद्धतीने वळलेल्या, पण प्रत्येक वेढा एकाच लांब दोरीत ओवत नेलेला, सरकत्या गाठींनी. दोरीचं टोक डाव्या कानामागे, लाल-पांढऱ्या मण्यांनी सजवावं असं आधी मनात होतं. ते काढून टाकलं. साधा पितळी घुंगरू बांधला. हे सगळं जमायला हात खूप दुखले, कारण एक वेढा सैल राहिला की वरचे तीन घसरतात. परीक्षेला डमी चालत नाही, जिवंत मॉडेल लागते. माझी मामेबहीण बसली. कॉलेजला जाणारी, केस कमरेपर्यंत, तोंड सतत चालू. तिच्यावर ते शोभलं. गळ्यापाशी उघडं, वर उंच, आणि जटा म्हणाव्यात तर बारीक, चकचकीत, बोटात घेऊन खेळाव्यात अशा.

परीक्षक बाई बाहेरगावहून आलेल्या. फॉर्म कन्नडमध्ये, प्रश्नपत्रिका इंग्रजीत, आणि तोंडी परीक्षा त्यांच्या हिंदीत नि माझ्या मराठीत, असा आमच्याकडचा नेहमीचा मामला. त्यांनी रचनेभोवती एक फेरी मारली. होल्ड चांगलाय म्हणाल्या. प्रॉडक्ट कोणतं? मी म्हटलं, प्रॉडक्ट फार नाही, दोरी आहे, आणि बहिणीला खूण केली. तिने कानामागचा घुंगरू ओढला. दोन सेकंद काहीच झालं नाही, माझा जीव वर. मग वरून खाली एकेक वेढा सुटत आला आणि तिने आरशात न बघता बोटं फिरवून केस मोकळे केले. मला वाटलं होतं बाई काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "अच्छा है, लेकिन फोटो में तो ये दिखेगा नहीं." खरं होतं ते. पहिला नंबर फिंगर वेव्ह्जना गेला, आणि तो तिचाच होता. मी त्या बाईंच्या जागी परीक्षक असते तर मीही तिलाच दिला असता.

मावशींना मी ती दोरीची गंमत दाखवायला गेले होते. म्हटलं, बघा, सुटते, ओढा तुम्ही. त्या दोन पावलं मागे सरकल्या. "नको बा. तुमचं तुम्ही बघा." समजावायला माझ्याकडे पुस्तकातलं अर्ध पान होतं, क्राकोचा डॉक्टर होता, कायद्याचं साल होतं. यातलं काहीही मी काढलं नाही. त्यांच्या अक्कापुढे ते फार हलकं वाटलं. स्टँडभोवतीची लादी आता मीच पुसते. त्या फडका पिळून देतात.

परवापासून लग्नसराईची कामं यायला लागली आहेत. शेजारच्या गावची एक नवरी, नऊवारी, पेशवाई खोपा हवाय, फोनवर कुठल्याशा सिनेमातला फोटो. ट्रायलला आली तेव्हा आई, मावशी, दोन बहिणी अशी वरात सोबत. गंगावन लावायचं की नाही, मोगरा की आबोली, खोपा किती मोठा, यावर सगळ्या एकदम बोलत होत्या. पैशांची घासाघीस आईने केली, फुलं त्यांची, प्रवास माझा, असं ठरलं. सगळं झाल्यावर नवरी एकटी आरशासमोर थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, रात्री मला हे माझं मला सोडता येईल का? सासरी पहिल्याच दिवशी कुणाला सांगू, माझ्या पिना काढा म्हणून?"

मी तिला म्हटलं, बस परत, आणि हात मागे आण. दोन-तीनदा करून बघ. डावीकडे, कानाच्या मागे. नाही, जोरात नाही, खाली ओढ.